गाडी कोठे ओढते, आणि केव्हा ओढते?
जुन्या मोटारीच्या ब्रेकचे व स्टिअरिंगचे दोष ओळखण्याविषयी

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रामटेकला शांतिनाथ भगवंतांचे दर्शन घेऊन आम्ही भंडाऱ्याकडे परतत होतो. गाडी आमची जुनीच, २००८ साली बाबूजींनी घेतलेली मारुती ८००. मागच्या आसनावर आई आणि तिच्या मांडीवर झोपलेली माझी धाकटी मुलगी. रोवणीचे दिवस असल्यामुळे बांधीतून निघालेले ट्रॅक्टर रस्त्यावर चिखल सांडत चालले होते. असाच एक ट्रॅक्टर अचानक आडवा आला. मी ब्रेक दाबला, गाडी थांबली, काही अनिष्ट घडले नाही. मात्र पुन्हा वेग घेताच गाडी डावीकडे ओढू लागली. स्टिअरिंग उजवीकडे धरून ठेवावे तेव्हा कोठे ती सरळ चाले. डाव्या अंगाला डांबर संपून निसरडी साइडपट्टी आणि तिच्याखाली पाण्याने भरलेली बांधी होती. आईने मागून एवढेच विचारले, "गाडीला काही झालं का रे?" मी "काही नाही" म्हणालो. ते उत्तर खरे नव्हते, कारण हा प्रकार त्या दिवशी तिसऱ्यांदा घडत होता.

त्या दोन महिन्यांत गाडीचे अलाइनमेंट दोनदा करून झाले होते. दोन्ही वेळा यंत्राने आकडे बरोबर दाखविले. पुढचे दोन टायरही नवे घातले होते. तरीही दोष कायम होता. विशेष म्हणजे सकाळी दुकानात जाताना गाडी अगदी शहाण्यासारखी चाले आणि लांबच्या प्रवासात मात्र रुसे. यात आणखी एक गुंतागुंत होती. आमच्या दुकानातील मुनीमजींनी ही गाडी विकत मागितली होती. त्यांच्या घरी मुलीचे लग्न ठरले होते, चार पैसे साठवून त्यांनी रक्कम जमविली होती आणि किंमतही ठरून गेली होती. माझ्या मनात आले, अलाइनमेंटच्या दोन पावत्या आहेत, टायर नवे आहेत, व्यवहार उरकून टाकावा. बाबूजींना हे बोलून दाखविले तेव्हा ते म्हणाले, "दोष कळला असता तर सांगून विकली असती. अजून तो आपल्यालाच कळलेला नाही. मग त्यांना काय सांगून विकणार?" व्यवहार तेथेच थांबला.

मिस्त्रींचे चार प्रश्न

भंडाऱ्यातील एका जुन्या मिस्त्रींकडे बाबूजींनी मला पाठविले. मी सारा वृत्तान्त सांगितला. त्यांनी हातात पाना घेतला नाही. म्हणाले, "भाऊ, गाडी कुठं ओढते ते मले समजलं. केव्हा ओढते ते सांगा." मग त्यांनी एकेक प्रश्न विचारला. ब्रेक दाबताना ओढते, की सोडल्यानंतर? निघाल्याबरोबर ओढते, की दहा-वीस किलोमीटरनंतर? थांबवून अर्धा तास उभी ठेवली तर सुधारते का? आणि प्रवासानंतर कोणते चाक अधिक तापलेले असते?

पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे माझ्याजवळ होती, पण ती एकत्र मांडून पाहावीत हे मला सुचले नव्हते. ब्रेक दाबताना गाडी जवळजवळ सरळ थांबे. ओढ लागे ती ब्रेक सोडल्यानंतर, दोन-चार वेळा जोराचा ब्रेक लागल्यावर. आणि अर्धा तास गाडी उभी राहिली की दोष नाहीसा होई. चौथ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही वरठीपर्यंत जाऊन आलो. मिस्त्रींनी उलटा पंजा प्रत्येक चाकाजवळ, न टेकवता, धरला. पुढच्या डाव्या चाकातून भट्टीसारखी धग येत होती, इतर तीन चाके साधारण कोमट होती.

मग गाडी जॅकवर घेऊन खाली भक्कम टेकू दिला. मी ब्रेक दाबला व सोडला. उजवे चाक हाताने सहज फिरले, डावे जागचे हलेना. मिस्त्रींनी डाव्या कॅलिपरवरचा हवा काढण्याचा निपल पाऊण वेढा सैल केला. ब्रेक ऑइलची बारीक चिळकांडी उडाली आणि चाक मोकळे झाले. "पिस्टन चांगला हाय, पिना चांगल्या हायत," ते म्हणाले. "तेल आत अडकलं होतं. होज पाइप बदला."

कॅलिपरकडे जाणाऱ्या रबरी नळीचे आतले अस्तर जुनाटपणाने फुगून सुटले होते. बाहेरून नळी धडधाकट दिसत होती. पाय जोराने ब्रेक दाबतो तेव्हा तेल त्या अरुंद वाटेतून आत शिरते. पाय उचलल्यावर मात्र त्याला परत ढकलणारा जोर फार थोडा असतो, म्हणून ते आतच राहते आणि पॅड डिस्कला चिकटून घासत राहतात. एक पुढचे चाक असे धरले गेले की गाडी त्या बाजूला वळणारच. अर्ध्या तासात तेल झिरपत परत जाई व चाक मोकळे होई. अलाइनमेंटच्या यंत्रावर गाडी चढेपर्यंत ती थंड झालेली असे, त्यामुळे यंत्राचे आकडे खरे होते आणि आमचा दोषही खरा होता. स्टिअरिंगचा म्हणून ज्याला आम्ही नाव ठेवीत होतो, तो दोष ब्रेकचा निघाला.

निपल सैल करूनही चाक मोकळे झाले नसते, तर दोष कॅलिपरच्या गंजलेल्या पिस्टनमध्ये किंवा कोरड्या पडलेल्या सरक-पिनांमध्ये आहे असे ठरले असते. एका लहानशा कृतीने दोन शक्यता वेगळ्या करता येतात. तेरीज जुळत नसेल तर आपण शिल्लक रकमेत खाडाखोड करीत नाही, रोजमेळ आणि खतावणी ताडून चूक कोणत्या पानावर आहे ते शोधतो. मी मात्र गाडीच्या बाबतीत पान न शोधताच आकडे बदलीत होतो. दोन टायरांच्या किमतीपुढे दोन होज पाइपांची किंमत किरकोळ होती.

ब्रेकचे पेडल काय सांगते

ब्रेकची रचना समजून घेतली की लक्षणांचा अर्थ लागतो. पेडल दाबले की मास्टर सिलिंडर तेलावर दाब आणतो, तो दाब नळ्यांतून चारही चाकांकडे जातो. पुढे बहुधा डिस्क व पॅड असतात, मागे ड्रम व शू. मास्टर सिलिंडरमध्ये दोन स्वतंत्र मार्ग असतात, त्यामुळे एक फुटला तरी दुसऱ्यावर गाडी थांबते, मात्र जास्त अंतर घेऊन. म्हणूनच "थांबते तर आहे" हा निरोगी ब्रेकचा पुरावा नव्हे.

पेडल स्पंजासारखे मऊ लागले तर तेलात हवा शिरलेली असण्याची शक्यता मोठी. पहिल्या दाबात खोल जाऊन दोन-तीनदा दाबल्यावर वर येत असेल तर हवा, किंवा मागच्या शूंमधील वाढलेले अंतर तपासावे. पेडल एकसारखे दाबून धरले असता ते हळूहळू खाली बसत असेल आणि बाहेर कोठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरची आतली रबरे झिजली आहेत. हे लक्षण दिसले की गाडी रस्त्यावर नेऊ नये.

पेडल दगडासारखे कठीण झाले असेल तर बूस्टरची परीक्षा घरीच होते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, शेवटी दाबून धरावे आणि इंजिन सुरू करावे. बूस्टर निरोगी असेल तर पेडल पायाखाली किंचित खाली जाते. गेले नाही तर बूस्टर किंवा त्याची हवेची नळी पाहावी.

ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला वळत असेल तर दोष बहुधा विरुद्ध बाजूच्या चाकात असतो, हे अनेकांना उलटे वाटते. गाडी डावीकडे जाते याचा अर्थ डावा ब्रेक काम करतो आणि उजवा कमी काम करतो. उजवा पिस्टन अडकला असेल किंवा पॅडवर ग्रीस वा तेल सांडले असेल. ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढच्या डिस्कची जाडी असमान झाली आहे. चर्रकन किंचाळणारा आवाज पॅड झिजत आल्याची सूचना असू शकते, तर खरखर घासण्याचा आवाज लोखंडाला लोखंड लागल्याचा. या दुसऱ्या आवाजानंतर एक दिवसही थांबू नये.

सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे ब्रेक ऑइल. ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. चाक तापले की असे ओलसर तेल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडे दाबले जात असल्यामुळे पेडल तळाला जाते. म्हणून गाडी थोडी चालो वा फार, सामान्यतः दर दोन वर्षांनी तेल बदलावे. बाटलीवरची प्रत गाडीच्या पुस्तिकेशी ताडून घ्यावी. इंजिन ऑइल किंवा दुसरे कोणतेही खनिज तेल या डबीत कधीही घालू नये, त्याने सारी रबरे फुगून निकामी होतात. डबीतील पातळी पॅड झिजतील तशी थोडी उतरते. एकदम उतरली तर गळती शोधावी, नुसती भर घालून झाकण लावू नये.

स्टिअरिंगची भाषा

स्टिअरिंगच्या दोषात पहिली तपासणी टायरमधील हवेची. एका पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर गाडी त्या बाजूला ओढते आणि स्टिअरिंग जडही होते. दुसरी गोष्ट रस्त्याची. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेला उतरता असतो आणि आपण डावीकडून चालतो, त्यामुळे किंचित डावी ओढ स्वाभाविक आहे. सपाट मोकळ्या जागेवर तपासल्याशिवाय निर्णय देऊ नये. तिसरी तपासणी टायरचीच. पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करावेत. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा आहे. ओढ होती त्याच बाजूला राहिली तर अलाइनमेंट किंवा घासणारा ब्रेक यांकडे वळावे. मी टायर बदलण्यापूर्वी अदलाबदल करून पाहिली असती, तर तेवढा खर्च वाचला असता. एका दिशेनेच फिरविण्याचे टायर असतील तर मात्र ही अदलाबदल मिस्त्रींना विचारून करावी.

साधारण ६० ते ८० किलोमीटर वेगाला स्टिअरिंग थरथरते आणि वेग कमी-जास्त केला की थांबते, तर चाकांचे बॅलन्सिंग बिघडले आहे. ब्रेक लावला तरच थरथरते, तर डिस्क. खड्ड्यातून जाताना पुढून 'खट्ट' असा आवाज येतो, तर बॉल जॉइंट, खालच्या आर्मचे बुश किंवा शॉकअपचे वरचे माउंट पाहावे. स्टिअरिंग पूर्ण वळवून चालविताना 'कट् कट् कट्' असा लयीतला आवाज आला तर तो बहुधा स्टिअरिंगचा नसून चाकाला फिरविणाऱ्या शाफ्टच्या बाहेरच्या जॉइंटचा असतो.

स्टिअरिंग हलविले तरी चाक हलत नाही, अशा मोकळ्या फेऱ्याला आपण 'प्ले' म्हणतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९८ वा नियम स्टिअरिंग व्हीलवर ३० अंशांहून अधिक मोकळेपणा असू नये असे सांगतो. ही कायद्याची शेवटची मर्यादा झाली. लहान मोटारीत व्हीलच्या कडेवर दोन-तीन सेंटीमीटरांहून अधिक प्ले आढळला तरी कारण शोधावे. पुढचे चाक उचलून डावी-उजवी कड धरून हलविले असता खुळखुळ जाणवली तर टाय रॉड एंड किंवा रॅक संशयास्पद. वरची-खालची कड धरून हलविल्यावर जाणवली तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, जाऊ नये.

टायर हीसुद्धा एक वहीच आहे. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला भाग झिजला तर हवा जास्त, एकच कड झिजली तर अलाइनमेंट किंवा सैल जॉइंट. सैल जॉइंट न बदलता अलाइनमेंट करून घेणे म्हणजे पाया न भरता भिंत ओळंब्यात आणणे. पहिल्या खड्ड्यात ते बिघडते.

आपल्या जिल्ह्याचे रस्ते, आपले ऋतू

भंडारा जिल्ह्यात गाडीला दोन टोके सोसावी लागतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि रबर सुकून तडकते. पावसाळ्यात तुमसर, मोहाडी, पवनी, लाखांदूर या धानपट्ट्यातून फिरणाऱ्या व्यापाऱ्याची गाडी चिखलात माखते. हा चिखल मागच्या ड्रममध्ये शिरून शू घासतो व हँडब्रेकची तार गंजवितो. साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्यावर ओले ब्रेक काही वेळ लागत नाहीत. अशा वेळी मागे वाहन नसल्याचे पाहून, सावकाश चालत, पेडल हलकेच दाबून ते सुकवावेत. दसरा-दिवाळीच्या खरेदीसाठी गाडी बाहेर काढण्यापूर्वी ड्रम उघडून साफ करून घेणे हा उत्तम नियम.

राष्ट्रीय महामार्ग ५३ वर नागपूर ते साकोली आपण सहज वेग घेतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते, म्हणजे दचकण्यात एक सेकंद गेला तर ब्रेक लागण्यापूर्वीच १७ मीटर सरले. साकोलीच्या पुढे देवरीकडे जाताना हा महामार्ग नवेगाव-नागझिऱ्याच्या वनपट्ट्याला छेदून जातो. संध्याकाळी तेथे एखादा वन्यजीव रस्ता ओलांडीत असतो. त्याचा प्राण वाचणे आणि आपला वाचणे, दोन्ही त्या पेडलाखालच्या तेलावर अवलंबून असते.

कागद आणि वस्तुस्थिती

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे चालते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. आमच्या गाडीचे नूतनीकरण २०२३ साली झाले होते. पण तो कागद त्या दिवशीच्या तपासणीचा, पाच वर्षांच्या ब्रेकची ती हमी नव्हे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १९० तर याहून पुढे जाते. धोकादायक दोष असलेले वाहन चालविणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही ते जबाबदार धरते. दोष ठाऊक असला पाहिजे असेही नाही. सामान्य काळजी घेतली असती तर लक्षात आला असता, एवढे पुरे. "मला माहीत नव्हते" हे उत्तर कायद्यालाही पुरत नाही.

आम्ही पुढचे दोन्ही होज पाइप जोडीने बदलले, डाव्या बाजूचे झिजलेले पॅड पाहून दोन्हीकडचे पॅड नवे घातले, मागच्या दोन्ही नळ्या तपासल्या, सारे जुने काळपट तेल काढून नवे भरले व हवा काढली. नंतर मी एकटा रामटेकपर्यंत जाऊन आलो. परतल्यावर चारही चाकांजवळ हात धरून पाहिला. पुढची दोन्ही चाके सारखी कोमट होती.

मुनीमजींना बाबूजींनी बोलावून घेतले. काय दोष होता, तो किती दिवस आम्हाला कळला नाही, काय काय बदलले, हे सारे सांगितले. जुना होज पाइप उभा चिरून ठेवला होता, तो दाखविला. मग एक लहान वही त्यांच्या हाती दिली. तिच्यात तेल बदलल्याची तारीख, किलोमीटरचा आकडा आणि पुढे दोन वर्षांनी काय करावयाचे ते लिहिलेले होते. ठरलेल्या किमतीत आम्ही काही वाढविले नाही. मुनीमजी वही चाळीत म्हणाले, "बाबूजी, दुकानाच्या वहीसारखीच ही वही आहे." फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. लग्नाच्या आठवड्यात ती गाडी आमच्याच गल्लीतून पाहुण्यांना ने-आण करीत होती.

वाचकहो, आपल्या घरी जुनी गाडी असेल तर या रविवारी एवढे करावे. ब्रेक ऑइलची पातळी व रंग पाहावा. पेडल अर्धा मिनिट दाबून धरावे. चारही टायरांची हवा व झीज पाहावी. स्टिअरिंगचा मोकळा फेरा मोजावा. वीस किलोमीटर जाऊन आल्यावर चारही चाकांजवळ उलटा पंजा, न टेकवता, धरावा. जे आढळेल ते तारखेसह वहीत लिहावे आणि ती वही घेऊनच मिस्त्रींकडे जावे. गाडी कोठे ओढते हे तर सांगावेच, पण केव्हा ओढते हेही सांगावे. आईने पुन्हा कधी मागून विचारले, तर खरे उत्तर देता आले पाहिजे.